मध खाणाऱ्याचं नाव

रशियाचा टेनिसपटू दानिल मेदवेदेव आणि सर्बियाचा टेनिसपटू हमाद मेजेदोविच यांची आडनावं एकाच शब्दापासून झालेली आहेत. २००३ साली ‘बालाँ दोर’ हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवणारा चेक फुटबॉलपटू पावेल नेदवेद, त्याचंही तसंच. तिघांच्याही आडनावात अस्वल आहे, जसं आपल्याकडच्या अस्वले मंडळींच्या आडनावात असतं. क्रीडापानावर यांतलं एखादं नाव दिसलं की कोण जिंकलं हे वाचायच्या आधी मी त्या नावापाशी थांबते. या एका शब्दाने माझी अनेक वर्षं सोबत केली आहे, आणि त्याच्याबाबतीत मी बराच काळ चुकीची होते. त्याचीच ही हकीकत.

पुण्यात संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकत असताना फळ्यावर ‘मेदवेद’ म्हणजे अस्वल हा शब्द आला. त्याच धड्यात ‘म्योद’ म्हणजे मध हेही आलं होतं. मध आणि मेद! वर्गातल्या आम्हा मराठी मुलामुलींना हे वेगळं सांगावं लागलं नाही. पण माझी नजर शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्यावर गेली. मेद-वेद. ‘वेद’ दिसल्यावर मराठी मन कशाला थांबतंय? विद् म्हणजे जाणणे. रशियनमध्येही ‘वेदात्य’ म्हणजे जाणणे असं क्रियापद आहेच. म्हणजे मेदवेद हा ‘मध जाणणारा’. रानात मध कुठे आहे हे ज्याला ठाऊक तो. कितीतरी रशियन माणसंही आपल्या शब्दाचा हाच अर्थ सांगतात. मला तो इतका आवडला की पुढची काही वर्षं मी तो भेटेल त्याला सांगत राहिले.

अर्थ गोड होता, पण खरा नव्हता. मी शब्द चुकीच्या जागी तोडला होता. तो मेद-वेद असा नाही, मेदव्-एद असा तुटतो. ‘एद’ म्हणजे खाणे. रशियनमधलं ‘येदा’ (अन्न) त्याच धातूपासून आलं. संस्कृतात तो धातू ‘अद्’, आणि आपलं ‘अन्न’ हा शब्दही त्या ‘अद्’पासूनच झालेला. मग मधला ‘व’ कुठून आला? जुन्या स्लाव भाषेत, म्हणजे रशियन, पोलिश, चेक यांच्या पूर्वजभाषेत, मधाला ‘मेदु’ म्हणत. ‘मेदु’च्या शेवटच्या उकारापुढे स्वर आला आणि उकाराचा ‘व’ झाला.

हे वाचलं त्या दिवशी मला शाळेतला आठवीचा संस्कृतचा तास आठवला. सु + आगत = स्वागत. मनु + अंतर = मन्वंतर. इ, उ, ऋ यांच्यापुढे विजातीय स्वर आला तर अनुक्रमे य्, व्, र् होतात, हा यण् संधी. ‘इको यणचि’ हे पाणिनीचं सूत्र आम्ही घोकलं होतं, परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिलं होतं. मधु + अद् = मध्वद्. मेदु + एद = मेदवेद. पोलंड-युक्रेनच्या दलदलीच्या रानांत राहणाऱ्या ज्या लोकांनी पाणिनीचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्या तोंडात आपसूक तोच संधी झाला होता. मी माझ्या जुन्या अर्थाला सोडलं ते जरा जड मनानेच, पण त्याच्या बदल्यात जे हाती आलं ते फार मोठं होतं.

‘मध्वद्’ हा मी इथे जुळवून दाखवलेला शब्द नाही. तो ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलाच्या १६४व्या सूक्तात, एका झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचं वर्णन जिथे येतं, तिथेच पुढे म्हटलं आहे: ‘यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णा निविशन्ते’, ज्या वृक्षावर मध खाणारे पक्षी येऊन बसतात. कठोपनिषदात तर जीवात्म्यालाच ‘मध्वद’ म्हटलं आहे, कारण तो कर्मफळाचा मध चाखतो. शब्द तोच, घडण तीच. आपल्याकडे तो पक्ष्याला आणि आत्म्याला लागला, तिकडे अस्वलाला.

पण अस्वलाला असं आडवळणाचं नाव का द्यावं लागलं?

अस्वलाला या सगळ्या, म्हणजे एकाच इंडो-युरोपीय मुळातून फुटलेल्या, भाषांच्या पूर्वजांकडे एक सरळ, जुनं नाव होतं. संस्कृतात ते ‘ऋक्ष’ झालं, ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’, आर्मेनियनमध्ये ‘आर्ज’, वेल्शमध्ये ‘आर्थ’, फारसीत ‘खिर्स’. हिंदीतलं ‘रीछ’ त्याच्याच वंशातलं. एवढ्या दूरदूरच्या भाषांनी हे नाव सांभाळलं, आणि स्लाव, बाल्टिक, जर्मॅनिक अशा उत्तरेकडच्या भाषांतून मात्र ते नाहीसं झालं. ज्या लोकांच्या दारातल्या रानात अस्वल खरोखर फिरत होतं, त्यांनीच त्याचं नाव टाकलं. अभ्यासक याचं कारण देतात ते भीतीचं आणि आदराचं: नाव घेतलं की तो ऐकतो, आणि ऐकलं की येतो. म्हणून शिकारीला जाणाऱ्याने, लाकडं तोडायला जाणाऱ्याने त्याचं नाव घ्यायचं नाही. ‘तो मध खाणारा’ म्हणायचं. जर्मन आणि इंग्रजांच्या पूर्वजांनी बहुधा ‘तो तपकिरी’ म्हटलं. हळूहळू खरं नाव जाणणारं कोणी उरलंच नाही.

हे कारण मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. कोकणात आजीच्या घरी रात्री जेवताना मी एकदा ‘पडवीत साप होता’ असं म्हणाले, तर आजीने हातातला घास खाली ठेवला. “रातीचा नाव घेव नको गो. जनावर म्हण.” घाटावर त्यालाच ‘लांबडं’ म्हणतात. त्याच घरात दिवा विझत नसे, तो ‘वाढवला’ जाई. बांगडी फुटत नसे, ‘वाढे’. आणि निघताना कोणी ‘जातो’ म्हणालं तर त्याला परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावत. आजोबांचं नाव आजीने जन्मात उखाण्याबाहेर घेतलं नाही. तिच्याजवळ त्यांच्यासाठी ‘हे’, ‘घरातले’ असे कितीतरी शब्द होते, फक्त नाव नव्हतं. आजीला मी मेदवेदची गोष्ट सांगितली असती तर तिला त्यात नवल वाटलं नसतं. रानाच्या धन्याला नावाने कोण हाक मारतं?

आता हा मध खाणारा कुठेकुठे कसा झाला ते बघावं. स्लोव्हेनमध्ये आणि सर्बियनमध्ये ‘मेदवेद’, क्रोएशियनमध्ये ‘मेदव्येद’, चेकमध्ये ‘मेदव्येद’, स्लोव्हाकमध्ये ‘मेदवेद्य’. इथवर फार काही घडत नाही. बेलारूसमध्ये मात्र ‘द’ मऊ होऊन ‘म्यज्वेज्य’च्या जवळ जातो आणि पोलिशमध्ये ‘न्येज्व्येच’. हे दोन्ही ‘ज’ वेगळे आहेत, आणि ते वेगळेपण समजायला मराठी माणसाइतका सोयीचा कान क्वचित कोणाला मिळाला असेल. बेलारुशियन ‘ज’ आपल्या ‘जग’मधल्या ‘ज’च्या वळणाचा, दाताला जीभ लावून केलेला, पोलिश ‘ज’ ‘जेवण’मधल्या ‘ज’च्या वळणाचा. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि न चुकता वेगळे उच्चारतो. इतर भाषिकांना हा फरक तासन्तास शिकवावा लागतो.

सर्बिया, बोस्निया, मॉन्टेनेग्रोच्या बोलींत मधला ‘व’ गळाला आणि ‘मेदव्येद’चा ‘मेजेद’ झाला. तिथून मेजेदोविच. पोलिशने सुरुवातीच्या ‘म’चा ‘न’ केला. चेकमध्येही एके काळी हा ‘न’वाला उच्चार होता, पुढे भाषेने तो सोडला, पण आडनावाने धरून ठेवला, म्हणून चेक माणूस अस्वलाला मेदव्येद म्हणतो आणि फुटबॉलपटूला नेदवेद. आडनावं अशी असतात. भाषा पुढे जाते आणि आडनाव जुन्या घरात राहतं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो युक्रेनियन शब्द: ‘वेदमिद’. म आणि व यांनी जागा बदलली. वर्णविपर्यय. नुकसानचं ‘नुसकान’ करणारी, मतलबचं ‘मतबल’ करणारी आणि लखनौला ‘नखलौ’ म्हणणारी आपली माणसं यावर हसणार नाहीत. पण या एका शब्दात ती अदलाबदल नुसत्या जिभेच्या घसरणीने झाली असेल असं मला वाटत नाही. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचं नाव थोडं मोडून घेतलं की चालतं, हे लहान मुलांनाही कळतं. एव्हाना ‘मध खाणारा’ हेच त्याचं खरं नाव होऊन बसलं होतं, तेव्हा ते मोडायची पाळी आली असावी. हा माझा अंदाज. सिद्ध करता येणार नाही, पण आजीच्या घरी राहिल्यामुळे मला तो सोडवतही नाही.

कारण पांघरूण म्हणून घेतलेला शब्द वापरून वापरून विरतो, आणि त्याच्याआडून पुन्हा तोच प्राणी दिसू लागतो. मग नवं पांघरूण शोधावं लागतं. रशियन खेडुतांनी हे मनापासून केलं. त्यांनी अस्वलाला माणसाचं नाव दिलं, मिखाइल, लाडाने मीशा किंवा मीश्का. शिवाय मान म्हणून वडिलांचं नाव जोडलं, मिखाइलो पोतापिच. कधी आडनाव लावलं, तोप्तीगिन, म्हणजे धप्प धप्प पाय आपटत चालणारा. कधी नुसतंच ‘खोज्याइन’ म्हटलं, मालक. १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकचा मीशा हा गोंडस पिल्लाचा चेहरा सगळ्या जगाने पाहिला, पण ते नाव मुळात भीतीतून आलं असावं. आपल्याकडे ‘देवी’ हा शब्द असाच आजारावर आला. घरात पोराच्या अंगावर फोड उठले की रोगाचं नाव घ्यायचं नाही, ‘देवी आल्या’ म्हणायचं. पुढे तो शब्दच इतका भयंकर झाला की सरकारी दवाखान्यात ‘देवीची लस’ लिहिताना कोणाला त्यात देवता दिसेनाशी झाली.

बल्गेरियात आणि उत्तर मॅसिडोनियात अस्वल ‘मेच्का’ आहे. ‘मेदवेद’च्या पहिल्या अर्ध्याला लाडाचा प्रत्यय लागून झालेलं हे रूप, खाणारा गेला, मध तेवढा उरला. तिथल्या लोककथांत ती ‘बाबा मेत्सा’ असते, आणि ‘बाबा’ म्हणजे त्यांच्याकडे आजी. आपण वाघाला वाघोबा, नागाला नागोबा म्हणतो, त्याच मनाने ते अस्वलाला आजी म्हणतात. ३० नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूच्या दिवशी, बल्गेरियन खेड्यांत ‘मेच्किनदेन’ असतो, अस्वलाचा दिवस. त्या दिवशी घरात धान्य उकडतात आणि त्यातलं थोडं धुराड्यातून वर टाकतात, मेच्कासाठी. तिने गुरांना आणि शेताला धक्का लावू नये म्हणून. नागपंचमीला वारुळापाशी दूध-लाह्या ठेवणारे हात मला इथे दिसतात.

रूसे या बल्गेरियन शहरातून डॅन्यूब ओलांडली की समोर रोमेनियातलं जुर्जू. नदीच्या या काठावर मेच्का आणि त्या काठावर ‘उर्स’. लॅटिनची लेक असल्याने रोमेनियनने ते जुनं, उघडं नाव ठेवलं आहे. कार्पेथियन डोंगरांत अस्वलं भरपूर असूनही रोमेनियन माणूस ते नाव बिनदिक्कत घेतो. भीतीचं कारण सगळीकडे सारखं लागू पडत नाही हेही इथे मान्य करायला हवं.

शेजाऱ्यांपैकी हंगेरियनची गोष्ट मला फार सुंदर वाटते. ही भाषा स्लावही नव्हे आणि इंडो-युरोपीयही नव्हे. तिचं गोत्र फिनिशशी. तिने अस्वलाचा शब्द शेजारच्या स्लावांकडून घेतला, ‘मेदवे’. शेवटचा ‘द’ वाटेत गळाला. पण मधासाठी तिच्याकडे आधीपासूनच ‘मेझ’ आहे, आणि तो तिच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी, पार पूर्वेकडच्या गवताळ मैदानांत, इंडो-युरोपीय भाषा बोलणाऱ्यांकडूनच उचललेला. म्हणजे ‘मधु’ त्या घरात दोनदा आला, एकदा मागच्या दाराने आणि एकदा पुढच्या. फिनिशमधला ‘मेसी’ही तोच. फिन लोक अस्वलाला एरवी ‘कार्हू’ म्हणतात, पण त्याचं एक आदराचं नाव आहे ‘मेसिकॅम्मेन’, मधाचे तळवे असलेला. भाषेचं गोत्र वेगळं, आणि नाव न घेण्याची युक्ती तीच, तिच्यातला मधही तोच. लिथुआनियनमध्ये ‘लोकीस’ आणि लॅटव्हियनमध्ये ‘लाचिस’ असे अगदी वेगळे शब्द आहेत. पण लिथुआनियन बोलण्यात स्लावांकडून आलेला ‘मेश्का’ही सर्रास असतो.

मधच का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. अस्वलाला मध आवडतो, संपलं. पण त्या रानांत मध ही चैनीची चीज नव्हती. साखर यायच्या कितीतरी शतकं आधीची गोडी, औषध, मेणबत्तीचं मेण, आणि सणाला प्यायची मधाची दारू. रशियनमध्ये ‘म्योद’ म्हणजे मध आणि ती दारूही, जसं संस्कृतात ‘मधु’चं. पोलंड, बेलारूस, युक्रेनच्या रानांत माणसं उंच जिवंत झाडांच्या खोडांत ढोल्या कोरत, त्यात मधमाश्या वसवत, आणि दोराने वर चढून मध काढत. पोलंड आणि बेलारूसमध्ये ही विद्या अजून टिकून आहे. युनेस्कोने २०२० साली ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या ढोलीच्या तोंडापुढे ते दोरीला एक जड ओंडका टांगून ठेवत. अस्वल वर चढून ओंडका बाजूला ढकले, तो झोका घेऊन परत येई आणि त्याला लागे. चिडून ते आणखी जोरात ढकले, ओंडका आणखी जोराने येई, असं करत शेवटी अस्वल खाली पडे. म्हणजे ‘मध खाणारा’ हे नुसतं रानातल्या प्राण्याचं वर्णन नाही. ते माझ्या झाडावरचा माझा मध खाणाऱ्या वाटेकऱ्याचं नाव आहे. हे कळल्यापासून मला त्या शब्दात भीतीबरोबर थोडी तक्रारही ऐकू येते.

आपल्या अस्वलाकडे यावं तर तेही मधाचं लोभी. मेळघाटात, ताडोबात, गडचिरोलीत जे फिरतं त्या अस्वलाचं शास्त्रीय नाव ‘मेलुर्सुस’: लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध आणि ‘उर्सुस’ म्हणजे अस्वल. वारुळं फोडून वाळवी खाणं हा त्याचा मुख्य उद्योग, पण पोळं दिसलं तर सोडत नाही. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो तेव्हा ते वेचायला माणसंही जातात आणि अस्वलंही. विदर्भातल्या बातम्यांत दर वर्षी अस्वलाच्या हल्ल्याच्या ज्या ओळी वाचायला मिळतात त्यांतल्या कितीतरी अशा पहाटेच्या असतात. तो ‘मोह’ म्हणजे संस्कृत ‘मधूक’, मधुपासून झालेलं नाव. मधूक, महुआ, मोह. म्हणजे मोहाखाली फुलं खाणारं गडचिरोलीचं अस्वल आणि पोलंडच्या रानात ढोलीत हात घालणारं अस्वल, दोघंही अक्षरशः मधु खातात. आपल्याला त्याचं नाव मात्र तसं ठेवावं लागलं नाही.

आपण त्याचं जुनं नाव जपलं, आणि तेही आकाशात. ऋग्वेदात वरुणाच्या सूक्तात विचारलं आहे, ‘अमी य ऋक्षा निहितास उच्चा’, उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, ते दिवसा कुठे जातात? शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ग्रीकांनाही त्याच ताऱ्यांत अस्वल दिसलं, आणि आर्क्तोसच्या खालचा म्हणून उत्तरेचा प्रदेश आर्क्टिक झाला. लोकमान्य टिळकांनी वेदांच्या कर्त्यांचं मूळ घर ज्या आर्क्टिकमध्ये शोधलं, त्याच्या नावातच आपला ऋक्ष बसलेला आहे. रशियन माणूस आजही सप्तर्षींना ‘बोल्शाया मेदवेदित्सा’ म्हणतो, मोठी अस्वलीण. जमिनीवरचं नाव गेलं, म्हणून आकाशातलंही बदललं.

आणि मराठी ‘अस्वल’? हिंदीत रीछ आहे, भालू आहे, आपलंच नाव एकटं कुठून आलं असं मला वाटे. संस्कृत कोशांत ‘अच्छभल्ल’ असा अस्वलाचा एक शब्द मिळतो. त्यातला ‘अच्छ’ म्हणजे प्राकृत तोंडातून आलेला ऋक्षच, आणि ‘भल्ल’ म्हणजेही अस्वल. मत्स्याचा मच्छ आणि मच्छचा मासा व्हावा तसा ‘अच्छ’मधल्या ‘च्छ’चा मराठीने ‘स’ केला. अच्छभल्ल, अस्वल.

म्हणजे मॉस्कोतल्या मुलाच्या तोंडात आपला मध आहे, आणि त्याच्या पूर्वजांनी रानात जे नाव उच्चारायचं सोडलं ते आपल्या तोंडात, ‘अस्वल’च्या पहिल्या दीड अक्षरात. परवा शेजारची छोटी चित्रांचं पुस्तक घेऊन आली होती. पान उलटून तिने बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, “अस्वल!” बाहेर अंधार पडला होता.